वाळवंटांतील मधली रात्र

कळंबच्या श्रीचिंतामणीच्या देवळांत चतुर्थीस दर्शनाला आलेलीं वडीलधारीं माणसें, कुंडाकडील पायऱ्या चढून वर आलीं कीं घटकाभर टेकतात. पूर्वीं या बैठकींत कापसाचा भाव, पावसाचें मान आणि उपवर मुलींचीं स्थळें एवढे तीन विषय पुरत असत. अलीकडे त्यांत चवथ्याची भर पडली आहे. “आमचं विमान दुबईला बदलतं; तुमचं कुठं?” असें एक आजी दुसरीस विचारते, आणि दुसरी, जणूं पुलगांवास आर्वीची गाडी बदलण्याचीच गोष्ट असावी अशा सहजतेनें, “आमचं दोह्याला,” म्हणून सांगते. ज्या गांवास वर्ध्याहून आगगाडीचा रस्ता जोडला जाण्यास २०२४ सालचा फेब्रुवारी महिना उजाडावा लागला, त्या गांवांतील म्हातारीं माणसें त्यापूर्वींच अरबस्तानांतील विमानतळांचीं नांवें पाठ करून बसलीं होतीं!

याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. एक मुलगा अमेरिकेंत, एक जर्मनींत, लेक ऑस्ट्रेलियांत, आणि देवघर मात्र कळंबास, अशीं घरें आतां एकाच आळींत चारदोन सांपडतात. एकत्र कुटुंब मोडलें असें आम्ही म्हणणार नाहीं. तें चार खंडांत एकत्र नांदूं लागलें आहे इतकेंच. परंतु सुनेचें बाळंतपण आलें, नातवाची मुंज ठरली, कीं आजीआजोबांस निघावें लागतें, आणि मग प्रवासाच्या बरोबर मध्यावर ती एक रात्र येऊन उभी राहते. विमानांत बसणें कठीण नसतें. तेथें बसविणारे बसवितात आणि उतरविणारे उतरवितात. कठीण असते ती मधली रात्र. सत्तरी उलटलेल्या माणसाचे पाय सुजलेले असतात, औषधाच्या वेळा घड्याळाबरोबर सरकलेल्या असतात, आणि दहा-बारा तास लोखंडी खुर्चीवर बसून काढावयाचे असतात. म्हणून आखातांतील विमानतळांच्या आश्रयानें उभ्या राहिलेल्या पांथशाळांविषयीं, आम्हीं स्वतः अशा एका ठिकाणीं केलेल्या मुक्कामाच्या आधारें, चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचा प्रवास असा होता. नागपुराहून मध्यरात्रीनंतर सुटलेलें विमान पहांटेच्या सुमारास शारजास उतरलें. पुढचें विमान दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेजारच्या दुबईहून सुटावयाचें होतें. हीं दोन शहरें एकमेकांस इतकीं चिकटलेलीं आहेत कीं एकाची शीव कोठें संपली आणि दुसऱ्याची कोठें लागली हें परक्या माणसास कळूं नये. मध्यें एक अख्खा दिवस आणि एक रात्र. चिरंजीवांनीं आम्हां उभयतांचे प्रवेशपरवाने आधींच काढून ठेविले होते आणि दुबईच्या विमानतळालगतच्या एका हॉटेलांत खोली राखून ठेविली होती. हॉटेलाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तशीं तेथें पुष्कळ आहेत, आणि आंत शिरल्यावर एक दुसऱ्याहून ओळखूं येत नाहीं.

महिना भाद्रपदाचा होता. वाळवंट म्हटलें कीं कोरडी हवा, अशी आपली समजूत शाळेंतील भूगोलानें करून दिलेली असते. विमानतळाच्या थंडगार दालनांतून आम्हीं बाहेर पाऊल टाकलें मात्र, चष्म्याच्या कांचा एकदम धुरकटल्या आणि दोघेंहि जागच्या जागीं उभीं राहिलों. सूर्य अद्याप उगवला नव्हता, तरी अंगांतील सदरा ओला झाला. आखाताचें पाणी उन्हाळ्यांत इतकें तापलेलें असतें कीं त्याची वाफ रात्रंदिवस किनाऱ्यावर पसरत राहते. पाऊस मात्र वर्षाकांठीं नांवालाच. म्हणजे हवेंत पाणी आहे, समुद्रांत पाणी आहे, आणि पिण्यास थेंब नाहीं! विदर्भांतील वैशाखाची भट्टी ज्यांनीं सोसली आहे त्यांसहि ही ओली भट्टी नवीन वाटेल. आमच्या मतें आपला कोरडा ताप पुष्कळ बरा.

हॉटेलांतील खोली मोठी नीटनेटकी होती. खिडकी होती, परंतु ती उघडावयाची नव्हती. दुहेरी जाड कांचेच्या पलीकडे विमानें एकामागून एक उतरत होतीं आणि त्यांचा आवाज मात्र मुळींच येत नव्हता. बाहेर ती वाफ, आणि आंत इतका गारठा कीं सौभाग्यवतींनीं अमेरिकेच्या थंडीसाठीं घेतलेली शाल वाळवंटांतच पेटींतून बाहेर काढली. न्हाणीघरांत नळ फिरवितांच हवें तेवढें गोडें पाणी. हें पाणी कोठून येतें याची चौकशी केली, तेव्हां कळलें कीं बहुतेक सारें समुद्राचें आहे. मोठमोठ्या कारखान्यांत तें तापवून त्याची वाफ धरतात, अथवा अतिशय बारीक पडद्यांतून दाबून गाळतात, आणि मीठ मागें ठेवून पाणी पुढें पाठवितात. वीज थांबली तर या शहराचें पाणीहि थांबावयाचें. आमच्या कळंबास चिंतामणीच्या कुंडांतलें पाणी आपण होऊन वर चढतें आणि बारा वर्षांनीं श्रींच्या चरणांस लागतें असा लौकिक आहे. तेव्हां पाणी खालून येतें ही आमची लहानपणापासूनची भावना. येथें तें यंत्रांतून येतें हें कळल्यावर बादली भरून घेतांना हात थोडा आखडला, हें सांगितलेंच पाहिजे. (बादली तेथें नव्हती. तांब्या आम्हीं घरून नेला होता, आणि तो नेण्यास चिरंजीवांचा विरोध होता, हें जातां जातां नमूद करून ठेवतों.)

सकाळचें स्नान उरकून संध्येस बसावें तर पूर्व कोणती? खिडकी उत्तरेकडे कीं दक्षिणेकडे याचा पत्ता लागेना, आणि आकाश धुरकट. इतक्यांत छताच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलें. तेथें एक लहानसा हिरवा बाण चिकटविलेला होता. मुसलमान प्रवाशांस नमाजासाठीं मक्केची दिशा कळावी म्हणून त्या देशांतील बहुतेक हॉटेलांतून असा बाण असतो. दुबईहून मक्का पश्चिमेस, किंचित् नैर्ऋत्येकडे कललेली आहे. म्हणजे बाणाकडे पाठ करून बसलें कीं मुख जवळजवळ पूर्वेस येतें. त्या बाणाच्या आधारें आमची संध्या यथास्थित पार पडली. ज्यानें तो चिकटविला त्याच्या मनांत हा उपयोग आला नसेल, परंतु आम्हीं त्याला मनोमन धन्यवाद दिले. वडील मंडळींस ही खूण सांगून ठेवावी. होकायंत्र शोधीत बसावयास नको.

जेवणाविषयीं फारसें लिहिण्यासारखें नाहीं. वरणभात मिळाला, पोळी मिळाली, दूध मागितल्यावर मिळालें. चमत्कारिक वाटलें तें एवढेंच कीं भोजनगृहांत एका मेजावर कोणी न्याहारी करीत होता, दुसऱ्यावर कोणी रात्रीचें जेवण, आणि दोघेंहि आपापल्या घड्याळाप्रमाणें बरोबर होते. हिंदुस्थानाहून दुबईचें घड्याळ दीड तास मागें असतें, आणि कतारचें अडीच तास.

तिसऱ्या प्रहरीं आम्ही शारजास परत गेलों. पाहावयाची होती ती एकच वस्तु: या साऱ्या मुक्कामांची आजी म्हणतां येईल अशी, आखाताच्या या किनाऱ्यावरील पहिली विमानतळ-पांथशाळा. तिला ‘अल् महत्ता’ म्हणतात. महत्ता म्हणजे स्थानक. आतां तेथें संग्रहालय आहे.

तिचा इतिहास ऐकण्यासारखा आहे, आणि त्याचा आपल्या देशाशीं निकटचा संबंध आहे. इंग्लंडांतील इंपीरियल एअरवेज या कंपनीनें १९२९ च्या मार्चअखेर लंडन ते कराची अशी टपालाची व उतारूंची विमानें सुरूं केलीं. वाट सात दिवसांची. त्यांतला कांहीं भाग आगगाडीचा. प्रथम हीं विमानें इराणच्या किनाऱ्यानें येत. पुढें इराण सरकारनें ती वाट बंद केली, तेव्हां कंपनीस समोरच्या अरबी किनाऱ्यावर उतरण्यास जागा शोधणें भाग पडलें. तेथील शेख मंडळी सहजासहजीं राजी नव्हती. परकीयाचें विमान एकदां उतरलें कीं त्याचें लष्करहि उतरेल, ही त्यांची शंका होती, आणि ती अगदींच अनाठायीं होती असें पुढचा इतिहास म्हणत नाहीं. अखेरीस १९३२ च्या जुलईंत शारजाचे शेख सुलतान बिन सक्र अल् कासिमी यांनीं करारावर सही केली. उतरण्याच्या जागेचें भाडें दरमहा ८०० रुपये, शेखसाहेबांस स्वतःस ५०० रुपये, आणि प्रत्येक विमानाच्या उतरण्याबद्दल ५ रुपये, असा सौदा ठरला. वाचकांनीं नाण्याकडे लक्ष द्यावें. तो व्यवहार रुपयांतच होणार, कारण त्या किनाऱ्यावर चलन आपल्याच रुपयाचें होतें. आखातांतला रुपया पुरता नाहींसा झाला तो १९६६ नंतर. दुबईचें पहिलें टपालघरसुद्धां १९०९ सालीं हिंदुस्थानच्या टपालखात्यानें उघडलेलें. आज ज्या किनाऱ्यावर आपलीं मुलें दिरहमांचे रुपये करून घरीं धाडतात, तेथें नव्वद वर्षांपूर्वीं राजाचें भाडें रुपयांत मोजलें जात होतें.

५ ऑक्टोबर १९३२ रोजीं ‘हॅनो’ नांवाचें विमान शारजाच्या रेतींत उतरलें. हें विमान म्हणजे एक प्रस्थच होतें: एकावर एक दोन पंख, चार यंत्रें, वीसएक उतारू, आणि वेग ताशीं शंभर मैलांच्या आसपास. अंधारांत वाळवंटावरून उडण्याची सोय त्या काळीं नव्हती. सूर्यास्त झाला कीं विमानानें बैलगाडीसारखें मुक्कामास थांबावयाचें. उतारूंच्या या रात्रीसाठीं शेखांनीं गढीसारखी जाड भिंतींची इमारत बांधून दिली. वाळवंटांतील टोळ्यांच्या हल्ल्याची भीति होती म्हणून भोंवतीं कांटेरी तारा, दाराशीं शेखांचे बंदुकधारी पहारेकरी, आणि आंत उतारूंस पलंग, पांढऱ्या चादरी व मेजावरचें जेवण! १९३७ सालीं या ठाण्यावर ‘एअर आउटपोस्ट’ नांवाचा एक लघुपट निघाला. त्यांत विमान येण्याचा दिवस कसा उगवे व मावळे तें पाहावयास मिळतें.

‘हॅनो’ उतरल्यास दहा दिवस झाले न झाले, तोंच १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे ‘पुस मॉथ’ जातीचें लहानसें विमान स्वतः चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस आले. विलायतेहून कराचीस येऊन पडलेलें टपाल पुढें मुंबई-मद्रासेकडे न्यावें, हाच त्या उड्डाणाचा हेतु. मुंबईपासून पुढचा पल्ला नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बेल्लारीमार्गें मद्रासेपर्यंत उडविला. आपल्याकडील विमानवाहतुकीचा आरंभ या तारखेपासून मोजतात. परंतु त्या टपालाच्या थैल्या आदल्या मुक्कामास वाळवंटांतील एका गढींत रात्र काढून आलेल्या असत, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

या वाटेनें बळीहि घेतले. १ मार्च १९४० रोजीं ‘हॅनो’चें भावंड ‘हॅनिबाल’ हें विमान शारजाकडे येतांना ओमानच्या आखातावर आठ माणसांसह नाहींसें झालें. मद्रासेकडील पुढारी सर ए. टी. पन्नीरसेल्वम् त्यांत होते. विलायतेस भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून रुजू होण्यास ते निघाले होते. विमानाचा मागमूस लागला नाहीं. ज्या रात्रीच्या मुक्कामाबद्दल आपण आज कुरकुर करतों, तो मुक्काम गांठतां येणें हीच तेव्हां मोठी गोष्ट होती.

संग्रहालयाच्या आवारांतून बाहेर आलें कीं समोर मोटारींनीं भरलेला सरळसोट रुंद रस्ता लागतो. तीच जुनी धांवपट्टी. १९७७ सालीं नवा विमानतळ गांवाबाहेर झाला आणि शहर वाढत वाढत या पट्टीवरून पलीकडे गेलें. आम्ही रस्त्याच्या कडेस उभे राहून तो कसा नाकासमोर जातो हें पाहत राहिलों. शहरांतला कोणताहि रस्ता इतका सरळ जात नाहीं.

येथें आमच्या वैदर्भीय वाचकांस एक गोष्ट आठवेल. मध्यरात्रीं विमानें एकत्र येऊन माल-माणसांची अदलाबदल करावयाची, ही युक्ति कांहीं अरबांनींच शोधिली नाहीं. ती आपल्या नागपुरानें करून दाखविली होती. जानेवारी १९४९ पासून मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून रात्रीं टपालाचीं विमानें निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगांवच्या विमानतळावर भेटत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि सकाळच्या आंत जो तो आपल्या गांवीं परत. त्यांतून उतारूहि जात. देशाच्या पोटाशीं असलेलें गांव म्हणून हा मान नागपुरास मिळाला आणि दोन तपें टिकला. पुढें जलद विमानें आलीं, मध्यें थांबण्याची गरज संपली, आणि नागपुराची ती रात्र ओसाड झाली.

मग आखाताची रात्र ओसाड कां झाली नाहीं? आजचीं विमानें मुंबईहून न्यूयॉर्कास एका दमांत जातात. त्यांस शारजाच्या पेट्रोलाची गरज नाहीं. तरी माणसें तेथें थांबतात, कारण तेथील राज्यकर्त्यांनीं थांबा हाच धंदा केला. दुबईचा विमानतळ १९६० सालीं उघडला तेव्हां धांवपट्टी दाबून बसविलेल्या रेतीची होती. १९८५ च्या ऑक्टोबरांत एमिरेट्स कंपनीचें पहिलें विमान उडालें तें कराचीस. भाड्यानें घेतलेलें, आणि जुन्याच वाटेवर. कळंबहून थेट डॅलसला विमान कधींच सुटणार नाहीं, नागपुराहूनहि सुटणें कठीण; परंतु शंभर लहान गांवांचे उतारू एका ठिकाणीं आणून ते दुसऱ्या शंभर गांवांस वांटतां येतात. जगांतील दोनतृतीयांश लोकसंख्या आमच्यापासून आठ तासांच्या उड्डाणावर आहे, असें दुबईकर अभिमानानें सांगतात. नागपुरास मिळालेला मान भूगोलाचा होता. यांनीं भूगोलावर भांडवल घातलें.

अर्थात् ही घडी विस्कटते तेव्हां फार वाईट विस्कटते. १६ एप्रिल १९४९ पासूनच्या नव्हे, तर १९४९ पासूनच्या साऱ्या नोंदींत नाहीं असा पाऊस तेथें १६ एप्रिल २०२४ रोजीं पडला. अल् ऐन भागांत एका ठिकाणीं चोवीस तासांच्या आंत २५४ मिलिमीटर! दुबईच्या धांवपट्ट्या पाण्याखालीं गेल्या, हजाराहून अधिक उड्डाणें रद्द झालीं, आणि हजारों माणसें जमिनीवर अंगाचें मुटकुळें करून पडलीं. पुढें २३ जून २०२५ रोजीं इराणनें कतारांतील अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रें सोडलीं, तेव्हां कतारचें आकाश कांहीं तास बंद झालें आणि दोह्याचे उतारू जेथल्या तेथें अडकले. अशा दिवशीं हॉटेलांत खोली मिळण्याची आशा करूं नये. हातांतल्या पिशवींत दोन दिवसांचीं औषधें, सुका खाऊ आणि एक शाल असावी, हाच त्यावर उपाय.

आतां घरोघरच्या कर्त्या माणसांस, विशेषतः परदेशांत बसून आईवडिलांचीं तिकिटें काढणाऱ्या मुलांस, कांहीं स्पष्ट सांगावयाचें आहे.

विमानतळावरील हॉटेलें दोन जातींचीं असतात. एक आंतलें: परवान्याच्या तपासणीच्या अलीकडे, विमानतळाच्याच पोटांत. येथें त्या देशांत शिरावें लागत नाहीं, म्हणून प्रवेशपरवाना लागत नाहीं. पुढच्या विमानाचा बसण्याचा पास असावा लागतो, आणि खोली कांहीं तासांच्या हिशेबानेंहि मिळते. दुसरें बाहेरचें: तें विमानतळापासून हांकेच्या अंतरावर असलें तरी दुसऱ्या देशांत आहे, आणि आपल्या सामान्य पासपोर्टधारकास तेथें जाण्यास आधीं काढलेला परवाना सहसा लागतोच. आमच्या परिचयाच्या एका घरीं काय झालें पाहा. मुलानें मोठ्या हौसेनें उत्तम हॉटेल राखून ठेविलें. तें बाहेरचें होतें, आणि परवाना कोणींच काढला नव्हता. वृद्ध दांपत्य तपासणीच्या खिडकीपर्यंत गेलें आणि परत फिरलें. समोरच्या कांचेंतून हॉटेलाची पाटी दिसत होती, आणि यांनीं अकरा तास खुर्चीवर काढले. पुढच्या विमानांत आजोबांच्या पायाला इतकी सूज होती कीं जोडा घालवेना. मुलास त्यांनीं याविषयीं अवाक्षर सांगितलें नाहीं. “झोप छान झाली,” असेंच कळविलें. ही खरी हकीकत आम्हांस आजींनीं सांगितली, आणि मुलास सांगूं नका अशी शपथहि घातली. म्हणून नांवगांव येथें देत नाहीं.

तिकिटें दोन वेगवेगळीं काढलीं असतील तर सामान मध्येंच उतरवून घ्यावें लागतें, आणि त्यासाठीं देशांत शिरावें लागतें. तेव्हां आंतल्या हॉटेलाचा उपयोग नाहीं. दोनचार हजार रुपये वांचविण्यासाठीं वडिलांस या फेऱ्यांत घालूं नये. एकाच तिकिटावर सामान थेट अखेरच्या गांवीं जातें. मग रात्रीचे कपडे, दांत, कानाचें यंत्र, गोळ्या हें सारें हातपिशवींत हवें. तारखेचा घोळहि नेहमींचा आहे: विमान रात्रीं एक वाजतां उतरत असेल तर खोली आदल्या तारखेची राखावी लागते, उतरण्याची तारीख लिहिली तर दुपारपर्यंत खोलीचें दार उघडत नाहीं. आणि भाडें किती झालें हें वडिलांस सांगूं नये. त्यांनीं तें रुपयांत वळविलें कीं त्यांस झोप लागणार नाहीं.

याहून गंभीर गोष्ट खसखशीची. संयुक्त अरब अमिरातींत खसखस बाळगण्यास बंदी आहे. अफूच्या झाडाचें बीं म्हणून ती मादक पदार्थांच्या कायद्यांत मोडते, आणि थोड्याशा खसखशीवरून माणसें तुरुंगांत गेल्याचीं उदाहरणें आहेत. आतां आपल्या घरची रीत आठवावी. लेकीच्या बाळंतपणास निघालेली आई बरोबर काय घेते? डिंकाचे लाडू. दिवाळी जवळ असेल तर अनारसे. दोहोंतहि खसखस! ज्या लाडवांत तिचा जीव ओतलेला आहे तेच तिला परदेशीं चौकींत बसवूं शकतात, ही कल्पना आजवर कोणत्या आजीच्या मनांत आली असेल? लाडू जरूर न्यावेत, परंतु खसखस वगळून करावेत. चवींत थोडें उणें पडेल, तें पडूं द्यावें. मसाल्याच्या पुड्याहि पाहून घ्याव्या. तसेंच कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेलीं वेदनेचीं व खोकल्याचीं औषधें तेथें निर्बंधाखालीं आहेत. तीं घेणें आवश्यकच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि तेथील सरकारची पूर्वपरवानगी दोन्ही हवींत.

चाकाच्या खुर्चीची सोय तिकीट काढतांनाच सांगून ठेवावी. त्यांत कमीपणा नाहीं. ती ढकलणारा मुलगा बहुधा नेपाळचा, केरळचा किंवा फिलिपाईन्सचा असतो, आणि तो आपल्या हातांतील कागद पाहून योग्य दारापर्यंत नेऊन सोडतो. इंग्रजी येण्या-न येण्याचा प्रश्नच राहत नाहीं.

आमच्या हॉटेलांत बिछाना घालण्यास आलेला मुलगा नेपाळांतला होता. वय पंचविशीच्या आंतलें, हिंदी स्वच्छ. सौभाग्यवतींनीं रीतीप्रमाणें घर कोठें, घरीं कोण, लग्न झालें काय, हें सारें दहा मिनिटांत काढून घेतलें. लग्न झालें होतें; मुलगी दीड वर्षांची होती, आणि त्यानें तिला अद्याप हातीं घेतलें नव्हतें. आम्ही नातवास पाहण्यासाठीं अर्धें जग ओलांडीत होतों, आणि तो आमच्यासारख्यांच्या चादरी बदलीत आपली रजा मोजीत होता. तो कोठें राहतो असें विचारलें, तेव्हां शहराबाहेर कामगारांच्या वसाहतींत, एका खोलींत सहा जण, असें त्यानें सांगितलें. तक्रारीच्या सुरांत नव्हे, पत्ता सांगावा तसें. चादर नीट ताणून, उशी दोनदां थापटून, त्यानें दिव्याची कळ कोठें आहे तें दाखविलें आणि पहांटे किती वाजतां उठवूं म्हणून विचारलें.

सौभाग्यवतींनीं डब्यांतून दोन लाडू काढून त्याच्या हातावर ठेविले. खसखशीविना केलेले होते. त्यानें एक तेथेंच खाल्ला, दुसरा कागदांत गुंडाळून खिशांत ठेविला, आणि परततांना याच वाटेनें येणार काय असें विचारलें. माघांत येऊं, असें आम्हीं सांगितलें. त्यानें बोटांवर महिने मोजले. माघापर्यंत त्याची रजा मंजूर झालेली असेल, असें तो म्हणाला, आणि दार हलकेंच ओढून घेऊन शेजारच्या खोलीकडे गेला.